टँकर, टाकी, टाकं, टँक : हा शब्द नक्की कुणाच्या विहिरीतला?

सहकारनगरकर, सोमवार सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचनमात्र होतो, आज राहवत नाही म्हणून धागा टाकतोय. झालं असं की गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत दोन दिवस पाण्याचा ठणठणाट. टँकर मागवला, तो आला आणि चुकीच्या बिल्डिंगच्या टाकीत अर्धा रिकामा होऊन मग आमच्याकडे पोचला, त्यावरून व्हॉट्सॅप ग्रुपवर जे रण पेटलं ते जाऊदे. तर त्या रणधुमाळीत आमच्या ए विंगमधल्या आजोबांनी (वय ८१, ग्रुपवर इंग्रजी शब्द दिसला की लगेच दुरुस्ती) मेसेज टाकला की "टँकर टँकर काय लावलंय, मराठीत लिहा, जलवाहक लिहा." त्यावर चौथ्या मजल्यावरची एक मुलगी, कॉलेजात आहे, पूर्ण इंग्लिश मीडियम, तिने शांतपणे लिहिलं, "आजोबा, टँक मराठीतूनच इंग्लिशमध्ये गेलाय, डिक्शनरी बघा."

ग्रुप चक्क अर्धा तास शांत! आमच्या ग्रुपच्या इतिहासात पहिल्यांदा.

मग मी पण बघितलं. तर खरंच इंग्रजीच्या मोठ्या कोशांमधे टँकच्या व्युत्पत्तीत गुजराती आणि मराठी अशी दोन्ही नावं आहेत. मराठी शब्द म्हणून आपलं टाकं, जुन्या लिखाणात टांकें, ते दिलंय. म्हणजे किल्ल्यावरचं पाण्याचं टाकं! मोल्सवर्थच्या मराठी इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही टांकें आहे. छाती फुगली राव. म्हणजे गाडीचा पेट्रोल टँक, माशांचा फिश टँक, लढाईचा टँक, सगळं आपल्या टाक्यातनं निघालं की. आता प्रश्न असा की हे शंभर टक्के खरं का? का आपण उगाच कॉलर टाइट करतोय? जाणकारांनी प्रकाश टाकावा (टाकावा! बघा, हा पण टाक).

पेठेतली_काकू, सोमवार ११:१५

छान धागा. पण मला सांगा, इतकं आपलं टाकं म्हणताय तर पुण्यात टाकं कुठंय? आमच्या लहानपणी सगळे हौदच. काळा हौद, नाना हौद, बाहुलीचा हौद, सदाशिव पेठ हौद. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून दगडी नळानं शहरात पाणी खेळवलं, ते वाड्यावाड्यातल्या हौदात यायचं. सासूबाई सांगायच्या, हौदावर कळशी घेऊन गेलं की अर्ध्या पेठेच्या बातम्या कळायच्या. गुरुवार पेठेतलं पंचहौद तर चहा प्रकरणामुळं इतिहासातच गेलं. १८९० साली तिथल्या ख्रिस्ती मिशनमधे टिळक, रानडे वगैरे मंडळींसमोर चहा बिस्किटं आली आणि मग वर्षं दोन वर्षं प्रायश्चित्ताचा घोळ चालला.

आणि हौद हा आपला नाहीच, अरबी. दिल्लीचं हौज खास तेच. म्हणजे पुणेकरांनी शतकानुशतकं पाणी प्यायलं ते अरबी शब्दातून. जलवाहकवाल्या आजोबांना हे पण कळवा.

मिसळ_विदाउट_तर्री, सोमवार ११:२२

इथे टाकी म्हटलं की आमच्या तीर्थरूपांना फक्त अलका टाकीज आठवतं. इंग्रजीत टॉकीज, पुण्यात टाकीज. आता कुणी येऊन सांगेल की ते पण किल्ल्यावरून गेलं.

भटक्या_मावळातला, सोमवार १२:०५

धागालेखक, टाकं आणि टाकी यात गल्लत नको. एक टाकं, दोन टाकी. आणि एक टाकी, दोन टाक्या. पहिलं नपुंसकलिंगी, खडकात खोदलेलं, दुसरी स्त्रीलिंगी, बांधलेली किंवा विकत आणलेली, गच्चीवर काळी प्लास्टिकची असते ती. ट्रेकरला विचारा, तो कधीच "गडावर पाण्याची टाकी आहे" असं एकवचनात म्हणणार नाही, म्हणाला तर समजा गूगल मॅप बघून आलाय.

सिंहगडावर जाता ना सगळे पिठलं भाकरी खायला, तिथलं देवटाकं बघितलंय का किती जणांनी? ऐन मे महिन्यात पण पाणी गार असतं. शिवनेरीवर गंगा जमुना टाकी आहेत. नाणेघाटात तर घाट चढून वर आलं की लेण्याशेजारीच टाकी, तिथे सातवाहनांचा शिलालेख आहे त्याच्या अगदी बाजूला. दोन हजार वर्षं व्यापारी, बैल, गाढवं तिथं पाणी पिऊन पुढे जुन्नरकडे जात होते. त्यामुळे शब्द कुणी कुणाला दिला ते नंतर बघू, वस्तू आपली आहे एवढं नक्की.

काळा_पाषाण, सोमवार १२:४०

भटक्या, +१. थोडं दगडाबद्दल, कारण तो आमचा धंदा. आपला सह्याद्री म्हणजे बेसाल्टचे थर एकावर एक. पायऱ्या पायऱ्या दिसतात ना कडे, त्यावरून त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि हा ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे हं, स्वीडिश भाषेतला जिन्याचा शब्द आहे, त्रप्पा. शब्दांचाच धागा आहे म्हणून सांगितलं.

तर या खडकातलं टाकं म्हणजे एका दगडात दोन पक्षी. तटबंदीला, जोत्याला दगड लागायचा तो गडावरच फोडायचा आणि जो खड्डा पडेल त्यात पाऊस साठवायचा. म्हणून बऱ्याच टाक्यांच्या भिंती सरळ कापल्यासारख्या असतात, सुरुंगाच्या नव्हे, छिन्नीच्या खुणा दिसतात. काही ठिकाणी आत खांब सोडलेत, म्हणजे वर छप्पर राहतं, ऊन लागत नाही, पाणी कमी उडतं आणि शेवाळ कमी धरतं.

आणि छिन्नीलाच आपण काय म्हणतो? टाकी! टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. संस्कृतात टंक म्हणजे दगड फोडायची छिन्नी. म्हणजे टाकीने खोदलं ते टाकं. संपला विषय.

मिसळ_विदाउट_तर्री, सोमवार १२:४४

आणि टंकलेखन म्हणजे टाकीवर बसून लिहिणं.

शब्दपाखरू, सोमवार १४:१०

आता थोडं गार पाणी ओततो, माफ करा. (टाक्यातलंच आहे.)

धागाकर्त्यांनी कोशातलं अर्धंच वाक्य वाचलेलं दिसतंय. त्याच नोंदीत पुढे पोर्तुगीज शब्द असतो, तांक, स्पेलिंगमधे टी ए एन क्यू यू ई. आणि त्याचं घराणं वेगळं आहे. लॅटिनमधे स्टॅग्नम म्हणजे साचलेलं पाणी, डबकं, तळं. त्यावरून स्पॅनिशमधे एस्तांके, फ्रेंचमधे एतां, स्कॉटलंडमधे तर डबक्याला आणि गटाराला स्टँक म्हणतात. इंग्रजीतला स्टॅग्नंट, म्हणजे साचलेला, तो यांचाच भाऊ. आता तुम्हीच सांगा, पाणी साठवायच्या जागेला तांक म्हणणारे लोक मराठीची वाट बघत बसले होते का?

याहून मोठा पुरावा म्हणजे वास्को द गामा. मे १४९८ मधे तो कालिकतला उतरला, त्याच्या जहाजावरच्या माणसाने लिहिलेली रोजनिशी आहे. यांनी एक देऊळ बघितलं आणि ते त्यांना चर्च वाटलं (देवीला मेरी समजून नमस्कार पण करून आले, हा भाग मला फार आवडतो). त्या "चर्च"च्या बाहेर दगडी बांधणीचं मोठं तांक आहे, असं त्यात लिहिलंय. आता बघा, हे लोक तोवर ना गुजरातच्या किनाऱ्याला लागले होते ना कोकणाच्या. मल्याळममधे तळ्याला कुळम म्हणतात. मग तांक त्यांनी कुठून आणला? घरून आणला.

सहकारनगरकर, सोमवार १४:२५

अरे देवा. मी सकाळी ग्रुपवर "मराठीचा विजय असो" टाकून बसलोय. बावीस अंगठे आलेत.

पेठेतली_काकू, सोमवार १४:३१

हसून हसून पुरेवाट. डिलीट फॉर एव्हरीवन करा पटकन.

सहकारनगरकर, सोमवार १४:३३

आता काय उपयोग काकू, सगळ्यांनी वाचलंय.

अमदावादची_सून, सोमवार १५:५०

मी मूळची कोथरूडची, लग्न होऊन अहमदाबादला. इथल्या जुन्या पोळांमधे, म्हणजे आपल्या वाड्यांच्या आळ्या असतात तसं, घरोघरी चौकाच्या खाली टांकुं असतं. पावसाळ्यात गच्ची धुवून घ्यायची, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, मग तांब्याच्या किंवा दगडी नळीतून पुढचं सगळं पाणी खाली टाक्यात. वर छोटं झाकण, उघडून दोरीने कळशी सोडायची. माझ्या आजेसासूबाई डाळ शिजवायला अजून तेच पाणी मागायच्या, नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणायच्या. राजस्थानात वाळवंटातल्या घरांपुढे पण असंच, त्याला टांका म्हणतात.

हे सगळे लोक काही पोर्तुगीजांकडून शब्द शिकले नसतील ना हो शब्दपाखरू? थारच्या वाळवंटात कोण पोर्तुगीज गेला होता.

शब्दपाखरू, सोमवार १७:२०

बरोबर आहे ताई, आणि हाच या शब्दाचा घोळ आहे. १८८६ मधे यूल आणि बर्नेल या दोघांनी हॉब्सन जॉब्सन नावाचा अँग्लो इंडियन शब्दांचा कोश काढला, त्यात टँकच्या नोंदीची सुरुवातच अशी आहे की हा त्या डोकेदुखी शब्दांपैकी आहे ज्यांना दोन दोन उगम दिसतात, एक हिंदुस्थानी, एक युरोपियन. त्यांनी राजपुतान्याचं टांका पण दिलंय, गुजराती पण दिलंय, आणि पोर्तुगीज पण.

मी माझ्या डोक्यात जुळवतो ते असं. इंग्रजीत टँक दिसायला लागतो तो १६१० च्या दशकात. इंग्रज त्यावेळी कुठे होते? सुरतेत, वखार घालत होते. किनाऱ्यावर शंभर वर्षं पोर्तुगीजांचं राज्य झालेलं, त्यामुळे दुभाषे, दलाल, खलाशी सगळे मोडकीतोडकी पोर्तुगीज बोलणारे, आणि गावातले लोक गुजराती. म्हणजे इंग्रज बिचारा पाणी मागायला गेला तर दुभाष्या म्हणतो तांक आणि पाणी भरणारी बाई म्हणते टांकुं. दोन्ही कानातून एकच शब्द आत गेला. एखादं घर दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर असतं तेव्हा पत्ता दोन्ही रस्त्यांचा सांगतात ना, तसं आहे हे.

काळा_पाषाण यांना मात्र एक. टाकी ने खोदलं ते टाकं हे ऐकायला झकास आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांमधे कोरलेले शिलालेख वाचले, जुन्नर, कान्हेरी वगैरे, तर पाण्याच्या टाक्याला तिथे पोढी म्हटलंय. अमुक व्यापाऱ्याने पोढी दान दिली, असे लेख आहेत. म्हणजे जे टाकं बघून भटक्या भावुक झालेत, ते खोदणारा त्याला टाकं म्हणत नव्हता. वस्तू तीच, शब्द मागून आला.

भटक्या_मावळातला, सोमवार १७:४५

पोढी!! आजपर्यंत पन्नास वेळा त्या लेण्यात झोपलोय आणि हे आज कळतंय. दंडवत घ्या. आता पुढच्या ट्रेकला बाटली भरताना "पोढीवर जाऊन येतो" म्हणणार, लोक काय अर्थ काढायचा तो काढोत.

काळा_पाषाण, सोमवार १८:००

मान्य, पण पूर्ण नाही. टंक वरून टंकसाळ झाली, जिथे नाण्यावर ठसा मारतात. टाकसाळे आडनाव तिथलंच. देवघरात खंडोबाचे भवानीचे चांदीचे टाक, ते पण ठोकून उठवलेले. ठोकणं, कोरणं, ठसा, एवढं सगळं एका कुळात असताना टाकंच तेवढं बाहेरचं? दगडावर काम करणारा माणूस हे मान्य करणार नाही.

शब्दपाखरू, सोमवार १८:०८

दगडावर काम करणाऱ्याशी वाद घालत नाही, हातात टाकी असते. पण दिसायला सारखी म्हणून सगळी एका आईची लेकरं धरायची तर जखमेचा टाका, दौतीतला टाक आणि धागा टाकणं पण आत घ्यावं लागेल.

फौजी_खडकी, सोमवार २१:३०

रणगाड्यावर कुणीच बोललं नाही म्हणून आलो. माझी नोकरी यातच गेली, सध्या रिटायर्ड.

१९१५ साल. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधे दोन्ही बाजू खंदकात अडकलेल्या, मधे काटेरी तारा आणि मशीनगन. इंग्रजांनी एक गुप्त कमिटी बसवली, पुढाकार चर्चिलचा, तो तेव्हा आरमाराचा मंत्री, म्हणून नाव पण लँडशिप्स कमिटी, म्हणजे जमिनीवरची जहाजं. लिंकन गावात एका शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात लोखंडाचा हा अवाढव्य डबा बनायला लागला, दोन्ही बाजूंनी पट्टे. आता कामगारांना काय सांगायचं? सांगितलं की मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पाणी न्यायची गाडी आहे. वॉटर कॅरियर. पण साहेब लोकांच्या लक्षात आलं की याचं संक्षिप्त रूप डब्ल्यूसी, म्हणजे संडास, होतंय! डब्ल्यूसीची कमिटी कोण म्हणवून घेणार. मग डिसेंबर १९१५ मधे दुसरं नाव शोधलं, सिस्टर्न, रिझर्व्हॉयर, कंटेनर अशी सगळी पाण्याचीच नावं चघळून शेवटी छोटं आणि कुणाला संशय येणार नाही असं निवडलं, टँक. काहींवर रशियन अक्षरात "काळजीपूर्वक, पेट्रोग्राड" असं पण रंगवलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं रशियाला चाललंय. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत पहिल्यांदा उतरवले. ४९ होते, त्यातले कितीतरी वाटेतच बंद पडले. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आता पुण्याचा भाग. ज्या डिसेंबरमधे लंडनमधे "मेसोपोटेमियाच्या पाण्याची टाकी" हे खोटं नाव पक्कं होत होतं, त्याच डिसेंबरमधे खऱ्या मेसोपोटेमियात, कुत अल अमारा गावात, आपली सहावी डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तिचं नावच पूना डिव्हिजन. त्यात मराठा पलटणी पण होत्या. ७ डिसेंबरला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सोडवायला आलेली कुमक प्रत्येक वेळी मागे फिरली. शेवटी शेवटी घोडे मारून खायची वेळ आली, आपल्यातले पुष्कळ जवान ते पण खाईनात. तेराएक हजार माणसं कैद झाली, आणि त्यानंतर वाळवंटातून जी पायपीट झाली त्यात पाण्यावाचून, आजाराने किती मेली ते बोलवत नाही.

त्यांच्याकडे ती पाण्याची गाडी कधीच गेली नाही. ती होतीच कुठे.

पेठेतली_काकू, सोमवार २१:५२

बापरे. हे शाळेत कधीच शिकवलं नाही.

सहकारनगरकर, सोमवार २२:१०

फौजी काका, अंगावर काटा आला. दुपारपर्यंत मला वाटत होतं गंमतीचा धागा आहे.

फौजी_खडकी, मंगळवार ०६:०५

एक राहिलं. मराठीने लढाईच्या टँकला टँक म्हटलंच नाही. पेपरात, पाठ्यपुस्तकात सगळीकडे रणगाडा. काय नेमका शब्द आहे, ऐकला की डोळ्यासमोर येतो. नगरला रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ पासून, पुण्याहून अडीच तीन तास, मुलांना घेऊन जा. तिथे मात्र पोरं पण "ए तो टँक बघ" असंच ओरडतात.

डेक्कनचा_पाणकावळा, मंगळवार ०९:२०

टिळक टँक विसरलात ना सगळे! डेक्कनवर पोहायला जाणारी पिढी त्याला स्विमिंग पूल कधीच म्हणत नाही. "टँकवर जाऊन येतो" म्हणजे टॉवेल खांद्यावर टाकून सायकलवरून निघायचं. आमचे वडील, आम्ही आणि आता पोरगा, तिघांनी तिथेच नाकातोंडात पाणी घालून घेतलंय.

आणि गंमत म्हणजे हा जुना इंग्रजी वापर आहे. पोहण्याच्या तलावाला आधी इंग्रजीत स्विमिंग टँक म्हणायचे, त्यात घालायच्या बायकांच्या एकसंध पोशाखाला १९२० च्या दशकात टँक सूट म्हणायला लागले, आणि त्या पोशाखाचा वरचा भाग तसा खांद्याला पट्टीवाला म्हणून नंतर टँक टॉप. माझी मुलगी परवा म्हणाली बाबा मला टँक टॉप घ्यायचाय, मी म्हटलं टँकवर ये, तिकडे सगळे तेच घालतात. तिला काहीच कळलं नाही. तिकडे टँक म्हणजे पूल हे पुसलं गेलं, कपडा तेवढा उरला, आणि इकडे डेक्कनवर मूळ अर्थ जिवंत.

गिरगावातला_चाळकरी, मंगळवार १०:१५

पुणेकरांनी टिळक टँकचं कौतुक संपवलं असेल तर मुंबईकडे बघा. गवालिया टँक, जिथे ४२ साली चले जाव झालं. सीपी टँक. बाणगंगा टँक. आणि दो टाकी नावाचा भागच आहे, तिथे टाकं पण नाही आणि टाकी पण नाही. बहुतेक बुजवून टाकले. पुलाखालून, सॉरी, रस्त्याखालून बरंच पाणी गेलंय.

हैदराबादला हुसेनसागरच्या बंधाऱ्याला अजून टँक बंड म्हणतात. म्हणजे दक्षिणेत टँक म्हणजे अख्खा तलाव. लंडनच्या माणसाला सांगितलं की संध्याकाळी टँकवर फिरायला जातो तर तो रणगाड्यावर समजेल.

पुरंदरचा_पाटील, मंगळवार ११:००

तलावावरून. आमच्या तालुक्यात ७२ च्या दुष्काळात जे पाझर तलाव खोदले, त्यावर माझे आई वडील दोघं कामाला होते. खडी फोडायची, माती वाहायची, आठवड्याला मजुरी आणि वर खायला सुकडी. सरकारी कागदावर त्याचं नाव पर्कोलेशन टँक. मोजणीला येणारे साहेब पीटी म्हणायचे, लहान धरणाला एमआय, म्हणजे मायनर इरिगेशन, टँक. आम्हाला वाटायचं साहेब येऊन इथे लोखंडी टाकी बसवणार. इतक्या मोठ्या खड्ड्याला टाकी म्हणतात हे काय पटेना. आज या धाग्यावर कळलं की साहेबाचा शब्द बरोबर होता आणि आमचाच होता.

आणि टँकरबद्दल पुणेकरांनी बोलावं? तुम्ही नळाला दोन दिवस पाणी नाही आलं तर धागा काढता. आमच्याकडे टँकरवर आख्खी भाषा आहे. टँकरग्रस्त गाव, टँकरमुक्त महाराष्ट्र, टँकरच्या खेपा, टँकर लॉबी. हे शब्द इंग्रजीत घेऊन जा म्हणावं, काय करतात बघू त्याचं. साहेबाकडे टँकर म्हणजे तेलाचं जहाज. आमच्याकडे टँकर म्हणजे मार्च ते जून.

शब्दपाखरू, मंगळवार ११:१२

पाटील, या धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद. मार्च ते जून!

मिसळ_विदाउट_तर्री, मंगळवार ११:२०

अवांतर : मुंगूस पण आपलाच ना? मंगूज?

शब्दपाखरू, मंगळवार ११:३१

हो, मुंगूस तर सरळ मराठीतून गेलाय, तिथे वाटेकरी फार नाहीत. इंग्रजीत त्याचं अनेकवचन करताना लोक अडखळतात, कारण गूज म्हणजे हंस आणि त्याचं अनेकवचन गीझ. पण मुंगसाचा हंसाशी काही संबंध नाही म्हणून मंगूजेसच. ज्याला विजयोत्सव करायचाच आहे त्याने मुंगसावर करावा, टाक्यात भागीदारी आहे.

डेक्कनचा_पाणकावळा, मंगळवार ११:४०

टँकचं बाकी काय काय झालं ते पण सांगा की कुणीतरी. थिंक टँक?

शब्दपाखरू, मंगळवार १२:०२

थिंक टँक म्हणजे आधी थट्टेत डोकं, विचारांची टाकी. आपण "डोक्याचं मडकं" म्हणतो तसं. तज्ज्ञांची संस्था हा अर्थ बराच नंतरचा, दुसऱ्या महायुद्धानंतर. टँक अप म्हणजे दारू पिऊन फुल्ल होणं, टाकी फुल, हे तर भाषांतराशिवाय कळतं. आणि टेनिसमधे मुद्दाम हरणं म्हणजे टँक करणं, मुष्टियुद्धात पैसे खाऊन आडवं पडणं म्हणजे पाण्यात सूर मारणं, त्या टँकमधून ते आलं.

पेठेतली_काकू, मंगळवार १२:१०

सहकारनगरकर, आजोबांचं काय झालं ते सांगा आधी. कालपासून जीव टांगणीला.

सहकारनगरकर, मंगळवार १९:४५

सांगतो काकू. संध्याकाळी खाली बाकावर भेटले. मी सगळा धागा वाचून दाखवला, कालिकतचं चर्च, पोढी, कुत, पाटलांचा पाझर तलाव, सगळं. कुतला थोडा वेळ काही बोलले नाहीत, त्यांचे एक चुलत आजोबा पलटणीत होते म्हणे. मग म्हणाले, "ठीक आहे, टँक अर्धा आपला हे मान्य. पण टँकरमधला तो शेवटचा र कुणाचा? तो तर इंग्रजीच." मी म्हटलं हो आजोबा, तो इंग्रजीच. तर म्हणतात, "मग आपण आपला प्रत्यय लावू. पुण्याचा पुणेकर, टाक्याचा टाकेकर." आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलं, "उद्या सकाळी ७ वाजता टाकेकर येणार आहेत, बी विंगने बादल्या तयार ठेवाव्यात."

त्यावर बी विंगच्या सेक्रेटरीचा रिप्लाय, "हे टाकेकर कोण, नवीन भाडेकरू का? पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का?"

सहकारनगरकर, बुधवार ०७:२०

टाकेकर आले आहेत. या वेळी बरोबर बिल्डिंगला. पाइप धरायला चाललोय, बाकीचं नंतर.